ताजी वीज

पंधरा लिटरच्या गिझरमधलं पाणी कढत व्हायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. ही वीज कोयनेहून येते असं धरलं, तर तेवढ्यासाठी शिवसागर जलाशयातलं सहाशे-सातशे लिटर पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली पडावं लागतं. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की हाती लागतं एक युनिट आणि वर थोडंसं. इमारतीच्या गच्चीवर काळ्या टाक्या असतात, त्यातली एक पूर्ण टाकी. म्हणजे एका माणसाच्या अंघोळीमागे डोंगरातून कोसळणारी अर्ध्याहून जास्त टाकी असते. हा हिशेब मी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडला आणि पुढे बरेच दिवस गिझरचा लाल दिवा लागला की मला पाणी पडल्याचा भास व्हायचा.

वीज चंद्रपूरहून आली असेल तर पाण्याच्या जागी कोळसा धरायचा. एका युनिटाला अर्धा ते पाऊण किलो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. ते पूर्ण भारावर चालतं तेव्हा दर तासाला दीड-दोन हजार टन कोळसा पोटात घेतं. त्याची राख तिथल्या माणसांच्या पत्र्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आपल्याकडे फक्त उजेड येतो.

पण या हिशेबातली जी गोष्ट मनातून जाईना ती पाण्याची किंवा कोळशाची नव्हती, वेळेची होती. घरातला तांदूळ गेल्या हंगामाचा असतो, नळाचं पाणी काल रात्री टाकीत चढलेलं असतं, सिलिंडरमधला गॅस महिन्यापूर्वी कुठेतरी भरलेला असतो. तारेतून येणारी वीज तेवढी कालची नसते. मी बटण दाबते त्याच क्षणी कुठेतरी कुणीतरी ती तयार करत असतं. घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा सोडण्याची 250 मेगावॉटची सोय आहे, आता मोठ्या बॅटऱ्याही बसू लागल्या आहेत; पण आपण वापरतो त्यातली बहुतेक वीज आजही तेवढीच आणि तेव्हाच तयार करावी लागते. जास्त झाली तर चालत नाही, कमी पडली तर मुळीच चालत नाही.

हे सांभाळायचं कसं, याची खूण विजेतच आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता सेकंदाला 50 आवर्तनं ठरलेली आहे. देशभरातली जनित्रं एकाच तालावर फिरतात. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, इस्त्र्या सुरू झाल्या की त्या सगळ्या जनित्रांना ओझं जाणवतं, आणि चढ लागल्यावर बैलांची चाल मंदावते तशी त्यांची गती किंचित उतरते. काटा 50 वरून 49.95 वर येतो. 49.90 ते 50.05 या चिमटीत तो राहावा म्हणून रात्रंदिवस माणसं पडद्यासमोर बसलेली असतात. महाराष्ट्रापुरतं हे काम कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतं. तिथून फोन जातात, आज्ञा जातात: अमुक संच वाढवा, तमुक कमी करा. औष्णिक केंद्राला वेग पकडायला वेळ लागतो, कोयनेचा संच मात्र काही मिनिटांत उठतो. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या घाईच्या वेळी कोयनेला हाक जाते. आपल्या अंघोळी, आपला स्वयंपाक, आपल्या मालिका हे सगळं तिथल्या आलेखावर एक टेकाड होऊन दिसतं.

5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले आणि पणत्या, मेणबत्त्या लावल्या. टाळेबंदीचे दिवस होते. आमच्या गॅलरीतही आम्ही पणत्या लावल्या होत्या. आम्हाला दिसत होता तो समोरच्या इमारतींचा मिणमिणता उजेड. त्याच वेळी देशाच्या विजेची मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने खाली गेली, आणि नऊ मिनिटांनी पुन्हा तितक्याच झपाट्याने वर आली. अख्ख्या महाराष्ट्राला भर उन्हाळ्यात लागते जवळपास तेवढी वीज चिमूटभर वेळात मागे घ्यायची आणि परत द्यायची. देशातली जलविद्युत केंद्रं त्यासाठी आधीपासून सज्ज ठेवली होती, पाणी रोखलं जात होतं आणि सोडलं जात होतं. ग्रिड ढळलं नाही. त्या रात्री उजेड ज्यांनी सांभाळला ती माणसं स्वतः गॅलरीत आली नसणार, आणि आपण कुणीही त्यांचं नाव विचारलं नाही. मला ते अजून खटकतं.

तोल गेला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. 30 जुलै 2012 च्या पहाटे उत्तरेचं ग्रिड कोसळलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्येचंही. साठ कोटींहून जास्त लोक ज्या भागात राहतात तो भाग एकदम बंद पडला. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, खाणींत माणसं अडकली. पश्चिमेचं ग्रिड तेव्हा वाचलं, म्हणून आपल्याकडे ती फक्त बातमी राहिली.

मुंबईची वीज मुंबईतलीच असं आपण सहज धरतो, पण गिरण्यांना पुरेल एवढी वीज आली ती घाटातून. लोणावळ्याच्या आसपास पावसाचं पाणी अडवून ते खोपोलीला उतरवायचं ही जमशेटजी टाटांच्या काळातली कल्पना. ते 1904 मध्ये गेले, खोपोलीचं केंद्र 1915 मध्ये सुरू झालं आणि गिरण्यांची चाकं त्यावर फिरू लागली. पुढे एक धरण मुळशीला. मुळा नदीच्या खोऱ्यातल्या मावळ्यांची भातखाचरं त्यात जाणार होती. 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच. त्या पाण्यावर भिऱ्याचं केंद्र 1927 मध्ये सुरू झालं. मुंबईच्या रस्त्यांवर दिवे लखलखले, आणि ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली त्यांच्या घरात पुढे कितीतरी वर्षं रॉकेलची चिमणीच पेटत राहिली.

कोयनेचंही तेच. जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावं उठली. जे पाणी पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात गेलं असतं त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने मान्यता दिलेली आहे. ते पोफळीला खाली उतरतं, वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. दुष्काळी तालुक्यांतून या पाण्यावर दर काही वर्षांनी प्रश्न उठतो आणि तो रास्त प्रश्न आहे. गिझरचं बटण दाबताना आपण त्या वादात एका बाजूला उभे असतो. मी धरण नको होतं असं म्हणत नाही; त्या विजेवर माझं शिक्षण झालं, माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पण देणेकऱ्याला निदान देणं कुणाचं आहे ते ठाऊक असावं.

आजच्या दिवसातलं असंच एक देणं मला माझ्या मामेभावाकडे दिसतं. तो जुन्नर तालुक्यात शेती करतो. ऊस, कांदा, थोडा गहू. शेतीच्या फीडरला दिवसाचे आठच तास थ्री फेज मिळते, आणि त्यातले आठवड्याचे काही दिवस ती रात्री मिळते. कारण दिवसा आणि संध्याकाळी ती कारखान्यांना, कचेऱ्यांना, आपल्या घरांना हवी असते. मध्यरात्रीनंतर आपण झोपतो, मागणी उतरते, तेव्हा ती शेताकडे वळते. आपल्या झोपेतून उरलेली वीज त्याच्या वाट्याला येते आणि तिच्यासाठी त्याला जागावं लागतं.

‘‘ताई, लाइट साडेबाराला येते,’’ तो सांगत होता. ‘‘ऑटो लावलाय, मोटर आपली आपण चालू होते. पण दारं कोण धरणार? पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला माणूस लागतोच.’’

मग रबरी बूट, कपाळाला बॅटरी आणि हातात फावडं. पायाखाली सापाची भीती आणि उसात बिबट्या. जुन्नरच्या उसात बिबट्यांची पैदास होते हे आता पुस्तकातलं ज्ञान राहिलेलं नाही; माणसं गेली आहेत. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून चालायचं, म्हणजे जनावराला चाहूल लागते आणि ते बाजूला होतं, असं त्याने सांगितलं. सोबत कुत्रं नेत नाही, कारण कुत्र्याच्या वासाने बिबट्या येतो.

ऑटोचं आणखी एक दुखणं आहे. लाइट येताच एका डीपीवरच्या पंचवीस-तीस मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपीला तो धक्का सोसत नाही, आणि ऐन कांद्याच्या पाण्याच्या वेळी डीपी जळते. प्रत्येकाने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटर लावली तर डीपी टिकेल, हे सगळ्यांना कळतं. पण अंधारात शेतावर जायचं टाळावं म्हणूनच तर ऑटो बसवलेला असतो. भीती वाटणाऱ्या माणसाला शिस्त शिकवायला माझी जीभ उचलत नाही.

2017 पासून शेतीच्या फीडरसाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे करून दिवसा वीज देण्याची योजना सुरू झाली आहे. ती ज्या गावांत पोचली तिथे माणसं रात्री झोपू लागली. मला विजेच्या क्षेत्रातली गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असं विचारलं तर मी विजेवरच्या गाड्या म्हणणार नाही, ही म्हणेन. मामेभावाचा फीडर अजून व्हायचा आहे.

आता बॅटरी. माझ्या लहानपणी घरात ती फक्त दोन ठिकाणी होती: वडिलांच्या उशाशी ठेवलेल्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये आणि कपाटावरच्या ट्रान्झिस्टरमध्ये. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे. उन्हाने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरायची आणि आणखी एक-दोन दिवसांच्या बातम्या मिळायच्या. व्होल्टाने 1800 मध्ये धातूच्या चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी केली, प्लांतेने 1859 मध्ये शिसं आणि आम्ल वापरून पुन्हा भरता येईल अशी केली, आणि आपल्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरची बॅटरी आजही मुळात त्या प्लांतेचीच आहे. दोन व्होल्टची सहा घरं, एकूण बारा. मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर साठलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवायचा आणि व्हॅसलीन लावायचं. घरात एवढी सेवा आपण दुसऱ्या कुठल्याही यंत्राची करत नाही.

ती भरते किती? 150 अँपिअर-अवर गुणिले बारा व्होल्ट, म्हणजे 1.8 युनिट. एवढा मोठा ठोकळा, दोघांनी उचलायचा, आणि त्यात कोयनेच्या दीड-दोन टाक्या पाण्याएवढी वीज. मोबाइलची बॅटरी त्याहून नवी विद्या आहे. लिथियम-आयनची बॅटरी बाजारात आली 1991 मध्ये, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम, योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका युनिटात मोबाइल चाळीसेक वेळा भरतो. म्हणजे खिशातल्या ज्या वस्तूवाचून आपला जीव कासावीस होतो तिला वीज अगदीच थोडी लागते. तिच्यामागे उभा असलेला टॉवर मात्र दिवसरात्र खातो, आणि तो आपल्या हिशेबात येतच नाही.

मी शाळा-कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा बार्शीला राहत होते. 2005 पासून पुढची ती लोडशेडिंगची वर्षं. वेळापत्रक पाठ झालेलं असायचं. गिरणीवाला त्या वेळेनुसार दळण घ्यायचा, शिंपी रात्री मशीनवर बसायचा, परीक्षेच्या दिवसांत मुलं पहाटे उठून लाइट असेपर्यंत अभ्यास उरकायची. संध्याकाळची लाइट गेली की अख्खी आळी ओट्यावर यायची. मी त्या ओट्यांच्या आठवणी रंगवणार नाही. उकडायचं, डास चावायचे, तान्ही मुलं रडायची, आणि दवाखान्यातल्या माणसांचे फार हाल व्हायचे. पण अंधार सगळ्यांना सारखा होता, आणि वेळ संपूनही लाइट आली नाही की आळीतले चार जण मिळून सबस्टेशनवर जायचे.

मग इन्व्हर्टर आले. आधी डॉक्टरांकडे, मग वकिलांकडे, मग आमच्यासारख्या पगारदारांकडे. एकेका घरात ट्यूब पेटू लागली आणि ओट्यावरून एकेक माणूस आत गेलं. शेवटी ओट्यावर उरले ते ज्यांना इन्व्हर्टर परवडत नव्हता ते, आणि त्यांचा आवाज कुठल्या कचेरीत पोचत नव्हता. ज्यांचा पोचायचा त्यांचं काम भागलं होतं. सबस्टेशनवर जाणारे चार जण थांबले. लोडशेडिंग आणखी काही वर्षं चाललं, त्याची कारणं मोठी होती: तुटवडा होता, दाभोळचा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला होता, गळती होती. तरीही मला वाटतं, तुटवडा सोसणाऱ्यांची फळी फोडायचं काम त्या जिन्याखालच्या ठोकळ्यांनी केलं. शिवाय लाइट परत आली की ते सगळे ठोकळे एकदम भरायला लागायचे, आणि भरताना-सोडताना त्यातला चौथा-तिसरा हिस्सा उष्णता होऊन वाया जायचा. तुटवड्यात आणखी तूट.

हे सगळं मनापासून वाटत असतानाही बॅटरीविरुद्ध एक शब्द मी काढू शकत नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये सासूबाईंना रुग्णालयातून घरी आणलं, ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसह. ठाण्यात आमच्या घरी त्यांच्या पलंगाशेजारी ते यंत्र रात्रंदिवस घरघरत असायचं. हवा आत ओढून तिच्यातला नायट्रोजन अडवायचा आणि ऑक्सिजन नळीतून द्यायचा. काचेच्या उभ्या नळीत एक छोटा गोळा असतो, तो 2 च्या रेघेवर तरंगायला हवा. मी स्वयंपाक करताना, शिकवताना, फोनवर बोलताना, सारखी त्या गोळ्याकडे बघत असे.

12 ऑक्टोबरला सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. पारेषण वाहिन्या एकापाठोपाठ एक बंद झाल्या होत्या. एरवी अशा वेळी मुंबई बाकीच्या ग्रिडपासून तोडून वेगळी जिवंत ठेवायची सोय आहे, तिने शहराला अनेकदा वाचवलं आहे. त्या दिवशी तीही टिकली नाही. लोकल रुळांवर थांबल्या. आमचं यंत्र इन्व्हर्टरवर गेलं. कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉट खातं, बॅटरीत 1.8 युनिट, कागदावर पाच तास, प्रत्यक्षात जुन्या बॅटरीचे तीन-साडेतीन. मी घरातलं बाकी सगळं बंद केलं, राउटरसुद्धा. लहान सिलिंडर एक होता, तो मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरला असता. म्हणजे रात्रीपर्यंतची निश्चिंती होती. पण निश्चिंती आकड्यांत असते, छातीत नसते.

‘‘लाइट आली का गं?’’ सासूबाई मधूनमधून विचारायच्या.

‘‘येईल आई, कळव्याला माणसं लागली आहेत.’’

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नव्हते. ग्रिड कोसळलं की केंद्रं बटण दाबून सुरू होत नाहीत. औष्णिक केंद्राला उठायलाही वीज लागते. कोळसा दळायला, पंखे फिरवायला, पाणी चढवायला. अंधारात स्वतःच्या पायावर उभी राहतात ती मुख्यतः पाण्याची केंद्रं. झडप उघडली, पाणी आलं, चाक फिरलं, आणि त्या थोड्या विजेवर पुढचं एक केंद्र, मग पुढचं, असं तुकडे जोडत जावं लागतं, आणि प्रत्येक तुकडा जोडताना ताल जुळावा लागतो. मुंबईसाठी अशा वेळी हाताशी असतात ती घाटाखालची खोपोली, भिवपुरी आणि भिरा. मुळशीच्या खाचरांवर साठलेलं पाणी. पलंगाशेजारी बसून मला ते सारखं आठवत होतं. रुग्णालयांना आणि रेल्वेला आधी वीज मिळाली, ते योग्यच झालं. आमच्याकडे दुपारी आली. इन्व्हर्टरची शिट्टी तेव्हा वाजायला लागलेली होती.

याच्याआधी जूनमध्ये आमची आत्या याहून फार मोठ्या अंधारातून गेली होती. ती दापोली तालुक्यात, केळशीच्या खाडीजवळ राहते. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि त्या सगळ्या पट्ट्यातले विजेचे खांब काड्यांसारखे मोडून गेले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टाळेबंदी होती, आम्हाला जाता आलं नाही, आणि फोनही लागेना. तिचा मोबाइल बंद आहे म्हणून लागत नाही असं मला वाटत होतं. गणपतीत गेले तेव्हा कळलं की मोबाइल एका ओळखीच्याच्या गाडीवर भरून घेतलेला होता; टॉवर मेला होता. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग डिझेल लागतं, आणि डिझेल आणायला रस्ता मोकळा लागतो.

सगळ्यात आधी अडलं ते पाणी. विहीर परसात, भरलेली, जूनचा पाऊस पडलेला. पण पंप बंद. पूर्वी त्या विहिरीवर रहाट होता. पंप आला तेव्हा रहाटाची लाकडं बंबात गेली, काठावरची दगडी पायठणी पाइपाच्या जागेसाठी काढली, आणि विहिरीवर जाळी बसवून तिला कुलूप घातलं, मूल पडू नये म्हणून. ते सगळं शहाणपणाचंच होतं. आता वाकून बादली सोडायलाही जागा नव्हती. घरात चिमणी होती, पण रेशनचं रॉकेल बंद होऊन वर्षं झाली होती. पाटा-वरवंटा होता, आत्याचे गुडघे तेव्हाचे राहिले नव्हते. विजेवरचं आपलं अवलंबन असं असतं. नवं आलं एवढंच होत नाही, जुनं ज्या हातांत, ज्या जागेत, ज्या दुकानांत होतं ते सगळं मागून उठून जातं.

पुढे कुणीतरी भाड्याने जनरेटर आणला. टेम्पोत घालून तो घरोघर फिरायचा: तासभर पंप चालवायचा, टाकी भरायची, मोबाइल लावायचे, पैसे मोजायचे आणि पुढच्या वाडीला जायचं. वीज अशी दाराशी येऊन तासाच्या भावाने विकली जाताना आत्याने पहिल्यांदा पाहिली.

त्याच दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमनच्या तुकड्या आल्या. शाळेत उतरले, गावाने त्यांना जेवायला घातलं. धो धो पावसात खांद्यावरून खांब वाहून नेणं, चिखलात खड्डे, वर चढून पिना बसवणं, तारा ओढणं. त्यांच्यातला एक तरुण मुलगा रोज सकाळी काम सुरू करण्याआधी वाडीतल्या प्रत्येक घरी जायचा आणि एकच सांगायचा.

‘‘आजी, जनरेटर लावाल तर आधी मेन पाडा. इन्व्हर्टर असला तरी बघून घ्या. पाडल्याशिवाय लावू नका.’’

आत्याला वाटलं घराच्या काळजीने सांगतोय. मग त्याने समजावलं. मेन चालू ठेवून घरात जनरेटर जोडला, तर त्याची वीज घरातच थांबत नाही. ती सर्व्हिस वायरमधून उलटी बाहेर जाते, डीपीत शिरते, आणि ज्या डीपीने अकरा हजार व्होल्टचे घराजोगे करायचे तीच उलट्या बाजूने जनरेटरचे व्होल्ट अकरा हजारांच्या घरात नेते. खांबावर चढलेल्याने परमिट घेतलेलं असतं, वरून लाइन बंद असते, तारा मेलेल्या आहेत या भरवशावर तो हात घालतो. म्हणून ते तारांना अर्थिंगची साखळी अडकवतात. पण एखाद्या दिवशी पावसात, घाईत, दुसऱ्या खांबावर गेल्यावर ती राहून जाते. दरवर्षी आपल्याकडे लाइनवर माणसं मरतात आणि त्यातली काही अशी, कुणाच्या तरी घरच्या उजेडाने मरतात.

आत्या हे सांगताना थांबली होती. ‘‘माझ्या दिव्यानं पोर मारलं असतं गो मी,’’ ती म्हणाली.

गाडीच्या भाड्यात आणि लग्नाच्या मांडवात आपण जेवढा खर्च सहज करतो त्याच्या मानाने हे टाळणारा चेंजओव्हर स्विच काहीच नाही. एक खटका: वर केला की घर तारेवर, खाली केला की जनरेटरवर, दोन्ही एकदम कधीच नाही. जिथे जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे तिथे असा खटका आहे की नाही, हे वायरिंग तपासताना सक्तीने पाहिलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं, आणि वाडीवस्तीवर तर तो वर्गणीतून बसवला तरी चालेल.

आत्याने त्याच वर्षी बसवून घेतला. शेजारच्या खोताच्या घरीही तिने पाठपुरावा करून बसवायला लावला, आणि पलीकडच्या वाडीत दोघांकडे. विहिरीच्या जाळीत एक छोटं दार करून घेतलंय, दोर-बादली जाण्यापुरतं. वाडीतलं जनरेटरवालं एक घर अजून राहिलंय. त्या घरचा मालक म्हणतो, मी आठवणीने मेन पाडतो. यंदा गणपतीत गेले की इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊनच त्याच्याकडे जायचं, असं आत्याचं आणि माझं ठरलं आहे.